गिअर बदलतो, पण धक्का बसत नाही

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आजचा विषय आहे गाडीचे गिअर. वडापच्या जीपमधून बाजाराला गेली नाही अशी आपल्यात एकही बाई नसेल. ड्रायव्हर नवखा असला की पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना असा हिसका बसतो, की मांडीवरचं पोर जागं होतं आणि किटलीतलं दूध हिंदकळतं. ड्रायव्हर सरावाचा असला तर जीप तीच, रस्ता तोच, पण गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही. फरक असतो त्याच्या डाव्या पायात. क्लच किती हळू सोडायचा, हे त्या पायाला कळलेलं असतं.

आता ऑटोमॅटिक गाड्या आल्या. त्यांत क्लचचं पेडलच नसतं. एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक, संपलं. मग त्या सरावलेल्या डाव्या पायाचं काम करतं कोण? ते काम करतं तेल. दाबाखालचं तेल. आज आपण तेच समजून घेणार आहोत.

हे आपल्याला कशाला हवं, असं कुणी विचारेल. आमच्या बैठकांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला, गटाचं कर्ज काढून सेकंडहँड गाडी घ्यायची तर ऑटोमॅटिक घ्यावी का? दुसरा, गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेला, अख्खा बदलावा लागेल, हे खरं मानायचं का? दोन्ही प्रश्न पैशाचे आहेत, आणि मोठ्या पैशाचे आहेत. अशा वेळी यंत्राचं बोलणं निघालं की बायकांना बाजूला बसवतात. "तुम्हाला नाही त्यातलं कळायचं." का नाही कळायचं? फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटर आणि पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांना कळते, त्यांना हा गिअरबॉक्स कळायला काहीच अडचण नाही. त्याच्या आत हेच सगळं आहे.

आधी गिअर कशाला लागतो ते बघू. इंजिन भराभर फिरतं, पण हळू फिरून जोर लावणं त्याला जमत नाही. भरलेली गाडी जागची हलवायची किंवा चढ चढायचा, तर चाकाला वेग कमी आणि जोर जास्त हवा. सपाट रस्त्याला उलटं, जोर कमी आणि वेग जास्त. ही अदलाबदल दातेरी चाकं करतात. साध्या गाडीत गिअर बदलताना इंजिन आणि चाकं यांची फारकत करावी लागते, गिअर टाकावा लागतो आणि मग पुन्हा दोघांची गाठ घालावी लागते. ही गाठ म्हणजे क्लच. इंजिन एका वेगानं फिरतंय, गिअरबॉक्स दुसऱ्याच वेगानं. दोघांना एकदम जोडलं की हिसका बसणारच. थोडं थोडं घासत, एकमेकांचा वेग जुळवत जोडलं की गाडी अलगद पुढं जाते. म्हणून तर शिकवणारा ओरडत असतो, "क्लच हळू सोडा, हळू!"

ऑटोमॅटिकमध्ये दातेरी चाकांची मांडणी वेगळी असते. मधोमध एक चाक, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती तीन-चार छोटी चाकं, ते ग्रह. आणि या सगळ्यांना वेढून आतल्या बाजूनं दाते असलेलं एक कडं. या सगळ्यांचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, कधी सुटत नाहीत. मग गिअर बदलतो कसा? कुणाला धरून ठेवायचं आणि कुणाला फिरू द्यायचं, यावर. कडं धरून ठेवलं तर एक वेग मिळतो. सूर्य धरला तर दुसरा मिळतो. ग्रहांची चौकट धरली तर गाडी मागे जाते. म्हणजे गिअर बदलणं याचा अर्थ इथे एवढाच, की एकाला सोडायचं आणि दुसऱ्याला धरायचं.

हे धरायचं काम क्लचच्या चकत्या करतात. डब्यात एकावर एक ताटल्या रचाव्या तशा या चकत्या रचलेल्या असतात. एक पोलादी, एक खरखरीत अस्तराची, पुन्हा पोलादी, पुन्हा अस्तराची. त्या कायम तेलात भिजलेल्या असतात. मोकळ्या असल्या की एकमेकींवरून सहज फिरतात. वरून घट्ट दाबल्या की सगळ्या मिळून एकच ठोकळा होऊन फिरतात. काही गिअरबॉक्समध्ये चकत्यांऐवजी ढोलाभोवती गुंडाळलेला पोलादी पट्टा असतो. तो आवळला की ढोल थांबतो.

चकत्या दाबतो तो पिस्टन, आणि पिस्टनला ढकलतं ते तेल. आता ट्रॅक्टरची हायड्रॉलिक ट्रॉली आठवा. भरलेली ट्रॉली एका दांडीवर उचलली जाते, ती याच जोरावर. बंद भांड्यातल्या पाण्यावर किंवा तेलावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो. फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यानं सतराव्या शतकात हा नियम मांडला. हिशेब सोपा आहे. दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब असला आणि पिस्टनचा तोंडावळा १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या पुरीएवढा असला, तर जोर होतो १००० किलो. पन्नास किलोची वीस पोती त्या चकत्यांवर एकदम ठेवल्यासारखं. गाडीच्या टायरमध्ये हवेचा जो दाब असतो, त्याच्या दुपटीपासून पाच-सहा पटीपर्यंत दाब या गिअरबॉक्सच्या तेलात असतो. तो तयार करायला आत एक पंप असतो आणि तो इंजिनावर फिरतो. इंजिन बंद तर पंप बंद, आणि पंप बंद तर दाब नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता खरी गंमत. हजार किलोचा जोर चकत्यांवर एकदम पडला तर काय होईल? नवख्या ड्रायव्हरनं क्लच झटकन सोडावा तसाच हिसका. मग तेल हळू दाबायला शिकलं कसं? त्याच्या चार-पाच युक्त्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक आपण शेतात बघितलेली आहे.

पहिली युक्ती बारीक छिद्राची. तेलाच्या वाटेत मुद्दाम एक अरुंद छिद्र ठेवतात. ठिबकच्या नळीला जसं बारीक छिद्र असतं, म्हणून पाणी धो धो न येता थेंब थेंब येतं, तसंच. पंप कितीही जोरात असला तरी तेल त्या छिद्रातून बेताबेतानंच पलीकडे जातं.

दुसरी युक्ती गोळीची. विहिरीतल्या मोटरीच्या पाइपाला खाली फूट व्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. गिअरबॉक्समध्ये तशाच छोट्या गोळ्या असतात. तेल चकत्यांकडे जायला निघालं की गोळी मोठी वाट बंद करते आणि तेलाला बारीक छिद्रातूनच जावं लागतं. तेल परत यायला निघालं की गोळी बाजूला सरते आणि मोठी वाट उघडते. म्हणजे धरताना हळू, सोडताना चटकन. सरावाच्या ड्रायव्हरचा पायही नेमका असाच वागतो. क्लच दाबतो झटकन, सोडतो हळू.

तिसरी युक्ती सगळ्यात महत्त्वाची. तिला अक्युम्युलेटर म्हणतात, आपण तिला साठवणीची डबी म्हणू. पाठीवरचा हातानं हलवायचा फवारणी पंप घ्या. दांडा वर-खाली, वर-खाली होतो. म्हणजे औषधाला धक्का थांबून थांबून बसतो. तरी नोझलमधून फवारा मात्र एकसारखा येतो. का? कारण पंपात एक दाबाची डबी असते आणि तिच्यात हवा कोंडलेली असते. दांडा दाबला की ती हवा आवळली जाते आणि धक्का पोटात घेते. मधल्या वेळात तीच हवा औषध पुढे ढकलत राहते. गिअरबॉक्सच्या डबीत हवेऐवजी स्प्रिंग असते.

आता क्रम नीट ऐका. गिअर बदलायची वेळ झाली की तेल निघतं. आधी ते पिस्टनला चकत्यांपर्यंत नेऊन टेकवतं. टेकल्या टेकल्या दाब एकदम वर चढायला बघतो. पण तेवढ्यात साठवणीच्या डबीतली स्प्रिंग मागे सरते आणि थोडं तेल आपल्याकडे घेते. त्यामुळे चकत्यांवरचा दाब एकदम न चढता चढणीच्या रस्त्यासारखा हळूहळू चढतो. त्या क्षणभरात चकत्या एकमेकींना घासत, वेग जुळवत जवळ येतात. डबी पूर्ण भरली की मग सगळा दाब चकत्यांवर पडतो आणि त्या घट्ट धरतात. हे सगळं साधारण अर्ध्या-पाऊण सेकंदात होतं. आपली पापणी एक-दोनदा लवावी एवढ्यात.

चौथी युक्ती चकत्यांतच आहे. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये एक चकती सपाट नसते. उन्हात वाळलेल्या पापडासारखी किंचित लाटदार असते. दाब आला की आधी ती सपाट होते आणि पहिला धक्का स्वतःवर घेते.

पाचवी गोष्ट वेळेची. डोक्यावरचा हंडा दुसरीच्या डोक्यावर द्यायचा तर आपण काय करतो? दुसरीनं नीट धरल्याशिवाय पहिली सोडत नाही, आणि दुसरीनं धरल्यावर पहिली ओढूनही ठेवत नाही. पहिलीनं लवकर सोडला तर हंडा पडतो. दोघींनी धरून ठेवला तर ओढाताण होते. गिअरबॉक्समध्येही तसंच. जुना क्लच लवकर सुटला तर इंजिन मोकळं होऊन उगाच किंचाळतं. दोन्ही क्लच एकदम धरून बसले तर गाडी अडखळते आणि जोराचा झटका देते. चांगला गिअर बदल म्हणजे ही हंड्याची देवघेव नेमकी साधणं.

या सगळ्या तेलाला वाटा दाखवतं कोण? कालव्याच्या गावातल्या बायका पाटकऱ्याला ओळखतात. कुणाची पाळी, कोणतं दार उघडायचं, कोणतं बंद करायचं, हे तो ठरवतो. गिअरबॉक्समध्ये हे काम व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भाग करतो. धातूच्या जाड पाटीत पाट-चाऱ्यांसारखे बारीक खोदलेले मार्ग असतात आणि त्यात मागे-पुढे सरकणारे छोटे व्हॉल्व्ह असतात. जुन्या गाड्यांत दोन खुणांवरून हे व्हॉल्व्ह सरकायचे. एक, गाडीचा वेग किती. दोन, ॲक्सिलरेटर किती दाबलाय. आता खुणा संगणक वाचतो आणि विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह तेल सोडतात. गिअर बदलताना क्षणभर इंजिनाचा जोरही तो कमी करतो. पण शेवटी चकत्या दाबतं ते तेलच. पाटकरी बदलला, पाणी तेच राहिलं.

इथे एक तारतम्य समजून घ्यायला हवं. हळू म्हणजे कायम चांगलं, असं नाही. फार हळू धरलं तर चकत्या जास्त वेळ घासत राहतात, तापतात आणि अस्तर जळतं. फार झटकन धरलं तर हिसका बसतो, दाते आणि शाफ्ट यांच्यावर ताण येतो. म्हणून रिकाम्या गाडीला सपाटीवर मऊ धरायचं आणि माणसं भरून घाट चढताना कडक धरायचं, असं तेलाचा दाब बदलून ठरवलं जातं. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की गिअर थोडा ठसक्यात बदलतो, ते याच कारणानं. तो बिघाड नसतो.

आणखी एक भाग राहिला. गाडी सिग्नलला किंवा फाटकाला उभी आहे, इंजिन चालू आहे, गिअर पडलेला आहे, तरी गाडी बंद पडत नाही. कशी? इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचं तेलानं भरलेलं गोल भांडं असतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पातीसुद्धा फिरायला लागतील. या भांड्यात वाऱ्याच्या जागी तेल आहे. इंजिनाकडची पाती तेल फेकतात, गिअरबॉक्सकडची पाती त्यानं फिरतात. लोखंडाला लोखंड जोडलेलं नसतं, म्हणून इंजिनाचे हिसकेही तेलातच विरतात. इंजिन हळू चालू असलं तर तेलाचा मारा हलका असतो, ब्रेकवर गाडी थांबून राहते. ब्रेकवरचा पाय काढला की ती आपोआप हळूच सरकते. नव्या शिकणाऱ्या बाईनं हे सरकणं ध्यानात ठेवावं. घाबरायचं नाही, पण समोर पोरं-जनावरं असली तर ब्रेकवरचा पायही काढायचा नाही.

या भांड्याची कल्पना मुळात जहाजांसाठी निघाली. हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. मोटारीत ती पुढे आली. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं १९३९ च्या अखेरीला ओल्ड्समोबाइल गाड्यांत हायड्रा-मॅटिक नावाचा गिअरबॉक्स आणला. चार गिअर, तेलावर आपोआप बदलणारे, आणि क्लचचं पेडल नाही. मोठ्या संख्येनं विकला गेलेला असा तो पहिलाच. दुसऱ्या महायुद्धात तो काही अमेरिकी रणगाड्यांतही बसवला गेला. पण त्याचे गिअर बदलताना धक्का जाणवायचा, ही त्याची ओळखीची तक्रार होती. तो घालवायला कंपनीनं १९५६ साली सुधारलेला गिअरबॉक्स काढला. त्यात धरण्या-सोडण्याचं काही काम चकत्यांकडून काढून तेलाच्या आणखी एका छोट्या भांड्याला दिलं. भांडं तेलानं भरलं की पकड, रिकामं केलं की सुटका. भांडं भरायला थोडा वेळ लागतो, म्हणून पकड हळूच येते. म्हणजे ज्यांनी ही गाडी बनवली, त्यांनाही हा हिसका घालवायला बरीच वर्षं घासावं लागलं.

गावात विहीर किंवा शेततळं खोदायला येणारं पिवळं यंत्र आपण रोज बघतो. अशा अनेक यंत्रांत हेच तेलाचं भांडं आणि तेलाच्या दाबावरचे क्लच असतात. म्हणून तर चालक ते मिनिटाला चार वेळा पुढे-मागे करतो आणि क्लचवर पाय नाचवत नाही.

आता पैशाच्या प्रश्नाकडे येऊ. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या सारख्या नसतात. स्कूटीला गिअर टाकावा लागत नाही, पण तिच्यात तेलाचा दाब नसतो. रबरी पट्टा आणि आपोआप रुंद-अरुंद होणाऱ्या पुल्या असतात. छोट्या, स्वस्त ऑटोमॅटिक मोटारींत बहुतेक वेळा एएमटी असतो. आपल्याकडे २०१४ साली आलेल्या मारुती सेलेरियोपासून तो सर्वसामान्यांच्या ऐपतीत आला. एएमटीत गिअरबॉक्स आणि क्लच साध्या गाडीचाच असतो, फक्त हातापायाचं काम एक यंत्रणा करते. गिअर बदलताना क्षणभर इंजिनाचा जोर तुटतो, म्हणून डोकं किंचित पुढं झुकतं. गाडी तशीच बनवलेली आहे, ते तिचं दुखणं नाही. गिअर बदलायच्या वेळी ॲक्सिलरेटर जरा सैल केला की ते झुकणंही कमी होतं. तिसरा प्रकार सीव्हीटी, त्यात पोलादी पट्टा आणि पुल्या असतात आणि पुल्या तेलाच्या दाबानं सरकतात. आणि चौथा, आपण आज समजून घेतला तो, टॉर्क कन्व्हर्टरवाला. त्याचा गिअर सगळ्यात अलगद बदलतो, पण तो महाग असतो आणि दुरुस्तीही महाग. म्हणून गाडी बघायला गेलात की पहिला प्रश्न विचारा, "हा ऑटोमॅटिक कोणत्या प्रकारचा?" उत्तर नीट आलं नाही तर पुढची बोलणी थांबवा.

या गिअरबॉक्सचा जीव तेलात आहे, हे आता आपल्याला कळलं. दाब देतं तेल, धक्का पोटात घेतं तेल, थंड ठेवतं तेल, वंगण होतं तेल. आत साधारण ५ ते १० लिटर तेल असतं. ते बहुतेक वेळा लालसर रंगाचं असतं, म्हणजे गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं. गाडीखाली लाल डाग दिसला तर दुर्लक्ष करू नका. तेल काळपट-तपकिरी झालं असेल आणि जळका वास येत असेल, तर चकत्या घासल्या जात आहेत असं समजा. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, आणि फेसाळ तेलाला दाब धरता येत नाही. आपल्या विहिरीची मोटर पाणी तळाला गेल्यावर हवा ओढते, तेव्हा धार कशी तुटक येते, तसं. मग गिअर उशिरा पडतो, घसरतो किंवा झटका देतो.

तेल तपासायची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते. काहींना दांडी असते आणि गिअरबॉक्स गरम, इंजिन चालू असताना बघायचं असतं. काहींना दांडीच नसते, ते गॅरेजमध्येच बघावं लागतं. गाडीचं पुस्तक बघा. त्यात ज्या प्रतीचं तेल लिहिलंय तेच घाला. इंजिन ऑइल किंवा "हे पण चालतं" म्हणून दिलेलं तेल घालू नका. चकत्यांची पकड त्या तेलाच्या गुणावर ठरलेली असते.

गाडी विकत घेण्याआधी स्वतः चालवून बघा. थंड असताना एकदा, तापल्यावर एकदा. डी मध्ये टाकली की लगेच हलका ठाव लागतो का, की दोन-तीन सेकंद थांबून मग धाडकन लागतो? वेग वाढताना इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र मागे राहते, असं होतं का? गिअर बदलताना मागून कुणी ढकलल्यासारखं वाटतं का? असं काही जाणवलं तर किंमत पाडून घेण्यापेक्षा ती गाडी सोडलेली बरी.

आपल्याच गाडीला झटके यायला लागले, तर गॅरेजमध्ये एकदम "गिअरबॉक्स बदला" यावर हो म्हणू नका. आधी विचारा, तेल किती आहे, कसं आहे? संगणक लावून बिघाडाचे कोड बघितले का? तेलाचा दाब मोजला का? बऱ्याच गिअरबॉक्सना दाबाचा काटा लावायची जागा असते. आशाताई आपला रक्तदाब मोजते, तसाच याचाही मोजता येतो. कधी नुसतं तेल बदलून काम होतं, कधी एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असतो, कधी साठवणीच्या डबीची स्प्रिंग किंवा सील गेलेलं असतं. आणि कधी खरंच चकत्या जळलेल्या असतात, तेव्हा खर्चाला इलाज नसतो. पण आधी तपासणी, मग खर्च.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. इंजिन बंद तर पंप बंद. म्हणून बॅटरी उतरली तर ही गाडी ढकलून सुरू होत नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि सगळी आळी गाडीला धक्का मारत बसली, तरी उपयोग नाही. गाडीत जोडवायर ठेवा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर ती सुरू करता येईल. तसंच बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरी लावून लांबवर ओढत नेऊ नका. चाकं फिरतात, आतले भाग फिरतात, पण पंप बंद असल्यानं त्यांना तेल मिळत नाही. ज्या चाकांना इंजिनाचा जोर जातो, ती जमिनीवरून उचलून किंवा गाडी ट्रकवर चढवूनच न्यायची.

चालवतानाच्याही तीन गोष्टी. डी वरून आर टाकताना गाडी पूर्ण थांबू द्या. ती पुढे सरकत असताना आर टाकला तर तो सगळा झटका चकत्यांनी सोसायचा असतो. घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर राहू नका, खालच्या गिअरची सोय असते, ती वापरा. आणि गाडी चिखलात रुतली तर पुढे-मागे करत ॲक्सिलरेटर रेटत राहू नका. चाकं जागीच असतात, पण आत तेल तापत असतं. उतरा, दगड-फळी लावा, मग काढा.

एक बोलणं आम्ही वारंवार ऐकतो, की ऑटोमॅटिक ही ज्यांना गाडी येत नाही त्यांची गाडी. तसं नाही, मैत्रिणींनो. पायाचं काम तेलाकडे गेलं, पण रस्त्यावर नजर ठेवणं, वेग आवरणं, तेलाची काळजी घेणं हे चालवणारीकडेच राहिलं. पिठाची गिरणी आली म्हणून आपल्याला भाकरी करायची विसर पडली नाही. गुडघा दुखणारी, पायानं अधू असलेली किंवा पन्नाशीनंतर शिकायला आलेली बाई या गाडीवर निर्धास्त बसू शकते, ही मोठी गोष्ट आहे.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. फवारणीचा पंप मध्ये ठेवा, दांडा मारा आणि फवारा एकसारखा का येतो ते एकमेकींना समजावून सांगा. ज्या बाईला ते सांगता आलं, तिला गॅरेजमध्ये कुणी "तुम्हाला नाही कळायचं" म्हणून गप्प बसवू शकणार नाही. गटाच्या पैशातून गाडी घ्यायची असेल, तर बघायला अशा दोघींना तरी पाठवा.

आज इथेच थांबतो. सांभाळून जा, सांभाळून चालवा. नमस्कार!